मिल्ट्रीबाई

आईनं मला पहिली थोबाडीत मारली, तेव्हा आमची नीट ओळखही झालेली नव्हती.

सेहेचाळीस सालची गोष्ट. लढाई संपून वर्ष उलटून गेलं होतं. मी आणि माझी थोरली बहीण, अक्का, शाहूवाडीकडं मामाच्या घरी वाढत होतो. भाताची कापणी झाली होती आणि खळ्यावर झोडणी चालली होती. बांधावरून एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई तरातरा चालत आली. अंगावर नऊवारी लुगडं, डोक्यावर पत्र्याची ट्रंक आणि पायात पुरुषी काळे बूट. मामी मला म्हणाली, "कुसे, जा की. तुझी आई आली बघ." आई गेली तेव्हा मी अगदी लहान होते. तिचा चेहरा मला आठवत नव्हता. मी मामीच्या पदरात तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं.

त्या बाईनं ट्रंक खाली ठेवली आणि मला पुढं ओढलं. डोकं चाचपलं, कोपरं वाकवून पाहिली, गुडघे पाहिले.

"कुठं लागलंय?"

मी नुसती हुंदके देत राहिले. तेवढ्यात खाडकन एक बसली. कानात घुंईऽऽ झालं.

"हां. आता लागलंय. आता रड," असं म्हणून ती पाणी प्यायला आत गेली.

माझ्या आईबद्दल लिहायचं तर मारापासूनच सुरुवात करावी लागते, कारण तिचा हात तिच्या तोंडाच्या आधी चालायचा. अक्का तेव्हा तेरा वर्षांची होती. ती रडली नाही, भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. आईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खांद्यावर थाप मारली आणि म्हणाली, "ही कामाची हाय." ती थाप अक्काला पुढं किती महाग पडली, ते तेव्हा आम्हां तिघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आईनं आपली हकिकत सलग अशी कधीच सांगितली नाही. भाकरी थापता थापता तुकडे पडायचे, ते आम्ही वेचायचो. ती शाहूवाडीच्या डोंगरातली. घरी भातशेती, पावसाळाभर गुडघाभर चिखल. आजोबांनी मामाला शिकायला कोल्हापूरच्या बोर्डिंगात ठेवलं होतं. सुट्टी संपली की तो परत जायला रडायचा. एकदा दहा वर्षांची आई म्हणाली, "ह्यो न्हाय जात तर मी जातो." आमच्याकडं बायकाही बोलताना जातो-येतोच म्हणतात. आजोबांनी बैलाचा कासरा घेतला आणि तिला असं फोडून काढलं की पाठीवरचे व्रण मी स्वतः पाहिलेत. पण मामाच्या पुस्तकांवर ती वाचायला शिकलीच. सुट्टीत ती त्याचा धडा घ्यायची, आणि चुकला की पाठीत गुद्दा घालायची. मामा म्हातारपणीही सांगायचा, "मास्तरांनी न्हाय, हिच्या गुद्द्यांनी मला पास केलं."

चौदाव्या वर्षी लग्न झालं. माझे वडील दरबारच्या पागेत घोड्यांकडं होते. मी पाळण्यात असताना एका नव्या घोड्यानं त्यांच्या छातीत लाथ घातली आणि ते रक्त ओकत गेले. दीर म्हणाला, गोठ्यातलं शेण काढ आणि पडून राहा इथंच. आईनं शेणाची पाटी उचलली आणि त्याच्याच डोक्यावर पालथी केली. मग आम्हां दोघींना मामाकडं सोडून ती मिशनच्या दवाखान्यात नर्सचं शिक्षण घ्यायला गेली. शिकून झालं तोवर लढाई पेटलेली होती आणि फौजेला नर्सा हव्या होत्या. तिनं नाव दिलं. मामा घाबरून म्हणाला, "अगं, लोक काय म्हणतील?" आई म्हणाली, "लोकांस्नी इचार, पोरी संभाळता का म्हणून. संभाळणार असतील तर ऱ्हातो."

तिला आसामच्या सरहद्दीवर पाठवलं. तिथला दवाखाना म्हणजे चिखलात ठोकलेले तंबू. त्याबद्दल ती बोलायची ती हटकून आम्ही जेवायला बसल्यावर. कापलेले हातपाय पोत्यात घालून कसे पुरायचे, पावसानं माती वाहून गेली की ते परत कसे वर यायचे, कुत्री कशी हाकलायची. आमचा घास तोंडातच राहायचा. "खावा की," आई ओरडायची, "भाकरीत न्हाईत ते." आणि आम्ही मुकाट्यानं गिळायचो.

त्या तंबूतलं तिचं एक काम तिला फार अभिमानाचं वाटायचं. डॉक्टर एखाद्या शिपायाला फिट म्हणाला की त्याला कपडे चढवून, पलटणीकडं जाणाऱ्या ट्रकात नेऊन बसवायचं. खाट रिकामी झाली पाहिजे, मागनं दुसरे येऊन चिखलात पडलेले असायचे. पन्हाळ्याकडचा एक पोरगा होता. आपल्याकडची बोली ऐकून तो तिला बाई, बाई म्हणत राहायचा. त्याच्या पोटातली जखम भरली आणि डॉक्टरनं त्याला फिट म्हटलं. त्या दिवशी त्यानं खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरली. "बाई, दोन दिस ऱ्हाऊ द्या की. नुसतं दोन दिस." आईनं त्याची बोटं एकेक करून दांडीवरून सोडवली आणि त्याला ट्रकात बसवला. गोष्ट तिथं संपायची. "बऱ्या माणसाला दवाखान्यात ठेवत न्हाईत," असं म्हणून आई हात धुवायला उठायची.

कोल्हापुरात शाहूपुरीत एका गुळाच्या वखारीच्या मागं आम्हांला दोन खोल्या मिळाल्या. गुळाच्या वासानं सुरुवातीला डोकं दुखायचं, मग तो वास येईनासा झाला. आई दिवसा बाळंतपणाच्या दवाखान्यात नोकरी करायची. पहाटे "उठा, हजेरी!" अशी तिची आरोळी व्हायची की शेजारचे हमालसुद्धा उठून बसायचे. आमची नखं, दात, केस रोज तपासले जायचे. नखात मळ सापडला की तो उलथन्यानं बोटांवर वसूल व्हायचा.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर तिचा दुसरा दवाखाना भरायचा. सरकारी इस्पितळात गेलं की पोलीस विचारणार, कुणी मारलं, कशानं मारलं. मिल्ट्रीबाई, हे गल्लीनं आईला ठेवलेलं नाव, एवढंच विचारायची, कुठं लागलंय? त्यामुळं डोकी फुटलेले हमाल, कोयत्याचे वार झालेले शेतकरी, दारूच्या गुत्त्यावर पोटरी चिरून घेतलेले टांगेवाले, सगळे तिच्याकडं. ती सुई उकळायची, जखम धुवायची, आणि गुळाचा मोठा खडा माणसाच्या दातांत द्यायची. "चाव. आणि बोंबललास तर दुसरीकडं बी टाकं घालीन." ओरडलाच कुणी, तर एका हातानं सुई आणि दुसऱ्या हातानं थोबाडीत. गल्लीतले मोठे मिशीवाले गडी तिच्यापुढं गूळ चघळत, डोळ्यांतून पाणी काढत गप बसलेले मी पाहिलेत.

एकदा हातकणंगल्याकडच्या एका गावचे दोघं चुलतभाऊ एकाच संध्याकाळी आले. बांधावरून जुंपली होती आणि त्यांनी एकमेकांना खुरप्यानं फाडलं होतं. कोल्हापूरपर्यंत ते वेगवेगळ्या बैलगाड्यांतून आले, पण आमच्या ओट्यावर बाक एकच. आईनं दोघांना शेजारी बसवलं. एकाला टाके घालत होती तेवढ्यात दुसऱ्यानं त्याच्या उघड्या जखमेवरच बुक्की हाणली. आईनं पितळी तांब्या उचलून त्या दुसऱ्याच्या टाळक्यात घातला, तो आडवा झाला, आणि तो शुद्धीवर येईस्तोवर तिनं पहिल्याचं काम उरकून घेतलं. मग त्याच्याही जखमा शिवल्या, टाळक्यातली नवी धरून. दोघंही पाया पडून गेले.

महिना गेला नसेल, त्यातल्या एकानं दुसऱ्याला विहिरीवर गाठून खांडोळी केल्याची बातमी आली. मी आईकडं पाहिलं. ती सुया पुसत होती. "टाकं चांगलं धरलं हुतं," ती म्हणाली. तिला खरोखरच तेवढंच सुचलं.

अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत दिल्लीहून ती बातमी आली आणि कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं पेटली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मास्तर राहायचे, ब्राह्मण, एकटे. ते धोतराचा सोगा सावरत आमच्या ओट्यावर चढले आणि आईनं त्यांना आतल्या खोलीत ढकललं. पाठोपाठ जमाव आला. हातात मशाली, काठ्या, कुणाकडं रॉकेलचे डबे. भर दुपारी आकाश काळं झालं होतं. अक्कानं मला पोटाशी धरलं होतं.

आई दारात मुसळ घेऊन उभी राहिली. तिला माणसांची नावं लक्षात राहत नसत, जखमा राहत. ती एकेकाकडं बोट करून ओरडू लागली. "ए, भुवईवाल्या! हिकडं बघ. टाकं घालताना आई आई म्हणून कोण बोंबलत हुतं रं? आणि तू, मांडीवाल्या! तुझं टाकं अजून वलं हाईत. फुडं ये, एका हिसक्यात उसवतो." भुवईवाला मागं सरला. मांडीवाल्याचा हात आपोआप मांडीवर गेला. मागच्या कुणीतरी दगड मारला, तो आईच्या खांद्याला लागला. ती खाली उतरली आणि ज्यानं मारला त्याच्या गुडघ्यावर तिनं मुसळ घातलं. तो कोसळला. "उद्या ये," ती म्हणाली, "बांधून देतो."

मास्तर वाचले. त्यांचं घर मात्र त्या लोकांनी जाताजाता जाळलंच, आणि आई खांदा चोळत ते जळताना बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तो गुडघेवाला दोन माणसांच्या आधारानं खरंच आला आणि तिनं त्याचा पाय बांधून दिला.

अशा बाईच्या पोटी आम्ही मुली. आम्हांला वाटायचं, आपल्याला जगात कुणी हात लावू शकत नाही.

अक्काचं लग्न एक्कावन्न साली झालं. स्थळ हातकणंगल्याचं, घरचा ऊस, स्टेशनाजवळ दगडी घर. लोक मुलगी बघतात, आईनं मुलगा बघितला, आणि तोही आपल्या पद्धतीनं. यशवंतराव चहाची कपबशी हातात घेऊन बसले होते. आईनं कपबशी काढून घेतली, त्यांना उभं केलं, पापण्या ओढून डोळे पाहिले, तोंड उघडायला लावून दात पाहिले, पाठीला कान लावून श्वास ऐकला, पाच-पंचवीस बैठका मारायला लावल्या. बघायला आलेली मंडळी तोंडात पदर धरून हसत होती. पाहुण्यांनाही कौतुक वाटलं. आई खूश होऊन म्हणाली, "छाती साफ, हाडं घट, फिट हाय." त्या फिट हाडांनी तो माणूस काय काय करेल, हे विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. फौजेत ते कुणी विचारत नसावं.

वर्षाच्या आत अक्का एकदा सकाळच्या गाडीनं एकटीच आली. एका कानाची पाळी फाटून लोंबत होती. कुडी ओढली होती. आईनं दात आवळले, पाळी शिवली, तीही इतकी बारीक की पुढं खूण दिसू नये. अक्काला गूळ दिला, अक्कानं तो तोंडात तसाच धरला आणि हूं की चूं केलं नाही. जखम वाळली. वाळली त्याच सकाळी आईनं तिची पिशवी भरली. "चल, गाडीची वेळ झाली."

दुसऱ्यांदा ती आली तेव्हा मनगट मोडलेलं होतं. त्याला वेळ लागला. त्या दिवसांत अक्का माझ्याजवळ झोपायची आणि दार वाजलं की झोपेतच डोक्यावर हात घ्यायची. हाड जुळलं. आईनं तिची मूठ उघडझाप करून पाहिली, बादली उचलायला लावली, आणि मान हलवली. अक्का त्या दिवशी पहिल्यांदा काही मागताना मी ऐकलं.

"आई, थोडं दिवस ठिव की मला."

"कशाला? बरी झालीस न्हवं?"

"बरी झालो. तरी बी ठिव."

"बऱ्या माणसाला ठेवत न्हाईत," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती तिला स्टेशनावर पोचवून आली आणि संध्याकाळी ओट्यावर नेहमीसारखी सुया उकळत बसली. मला त्या वेळी तिचा इतका संताप आला की तिच्या पाठीकडं बघून मी मनातल्या मनात तिला शिव्या दिल्या. जमावापुढं एकटी उभी राहणारी बाई ही, आणि स्वतःच्या मुलीला तिथंच नेऊन सोडते. तिला अक्काची माया नव्हती असं नाही. पण तिच्या लेखी माया म्हणजे माणूस परत उभा करणं. उभा केल्यावर तो जातो कुठं, हा तिचा प्रश्नच नव्हता.

तिसऱ्यांदा अक्का बैलगाडीतून आली, पेंढ्यावर आडवी. सातवा महिना होता आणि पोटात लाथ बसली होती. शेजारच्या म्हातारीला दया आली म्हणून तिनं गाडी जोडून दिली होती. पेंढा लाल झाला होता. आईनं तिला उचलून आत नेलं आणि दार लावून घेतलं. मी बाहेर पाणी तापवत बसले. आतून अक्काचा आवाज आला नाही. आईचाच येत होता, "जोर कर. अजून कर. मरू नगंस. मेलीस तर बघ." दार उघडलं तेव्हा आईच्या हातात फडक्यात गुंडाळलेला मुलगा होता, पुरा घडलेला, निळा पडलेला. तिनं त्याच्याही पाठीवर चापट्या मारून पाहिल्या होत्या. पहिल्यांदाच तिच्या मारण्याला कुणी दाद दिली नव्हती.

अक्काला बरं व्हायला उन्हाळा उजाडला. ती हिंडूफिरू लागली, तसा यशवंतरावांचा निरोप आला, न्यायला येतोय. एका दुपारी ते चुलत्याला घेऊन आलेही. ओट्यावरच्या बाकावर पाय पसरून बसले आणि मी दिलेला चहा प्यायले. आई अंगणात उखळात मिरच्या कांडत होती. वर्षाच्या चटणीचे दिवस होते. सगळ्या गल्लीला ठसका लागला होता.

"सासूबाई, बरी झाली न्हवं आमची माणसं?" यशवंतराव म्हणाले.

आईचं मुसळ चालूच होतं. तेवढ्यात अक्का बाहेर आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं लुगडं बदललं होतं, कुंकू लावलं होतं, हातात पिशवी होती. ती आईपुढं उभी राहिली, आपलं मनगट वळवून दाखवलं, मूठ उघडझाप करून दाखवली. "बरी झालो मी," ती म्हणाली. "निघतो."

मुसळ थांबलं. आई अक्काकडं बघत राहिली. मी तिच्या तोंडावर तसा भाव कधी पाहिला नव्हता. ती घाबरली होती. मग ती मुसळ तसंच हातात घेऊन ओट्याकडं आली.

"पावणं, कुठल्या हातानं मारता?"

यशवंतराव हसले. त्यांना थट्टा वाटली. "कुठल्या म्हंजे? उजव्याच की."

"हितं ठेवा बघू." तिचा तो दवाखान्यातला आवाज होता. त्या आवाजापुढं भलेभले जीभ दाखवायचे. यशवंतरावांनी हसत हसत उजवा हात बाकावर पालथा ठेवला.

आईनं मुसळ उचललं आणि लोखंडी टोक मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला स्वयंपाकघराच्या दारात ऐकू आला. त्यांची किंकाळी मागाहून आली. चुलते उठले तशी आई त्यांच्याकडं वळली आणि ते परत बसले. वखारीतले हमाल गुळाच्या ढेपा खाली ठेवून पळत आले. यशवंतराव ओट्याखाली मिरचीच्या पुडीत लोळत होते, डोळ्यांतून, नाकातून पाणी. आईनं मुसळ भिंतीला टेकवलं, आत जाऊन बांबूच्या कांबी आणि पट्ट्या आणल्या, त्यांना उठवून बाकावर बसवलं आणि तोंडात गुळाचा खडा कोंबला. हाड ओढून नीट बसवलं. व्यवस्थित बांधलं. सगळा वेळ तिचे हात स्थिर होते.

"पोलिसात जाईन मी!" चुलते दारातून ओरडले.

"जावा की. सांगा फौजदाराला, सासूनं जावई मारला म्हणून." हमाल खदाखदा हसले, आणि त्या हसण्यानंच ते दोघं गल्लीबाहेर गेले. नंतर यशवंतरावांनी दुसरा घरोबा केल्याचं कानावर आलं. न्यायला पुन्हा कुणी आलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. हमाल पांगले, आई घामानं आणि मिरचीनं लाल झालेली ओट्यावर उभी होती, आणि मला वाटत होतं आता अक्का तिच्या गळ्यात पडेल. अक्का पिशवी हातात धरून तशीच उभी होती. ती अगदी हळू बोलली.

"हे पयल्या बारीलाच का केलं न्हाईस?"

अक्का आत गेली, पिशवीतली लुगडी काढून घडी घालून फळीवर ठेवली, आणि चुलीपाशी जाऊन पीठ मळायला बसली.

त्या दिवसापासून अक्का आईशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, धुसफूस नाही. तिनं शिवणाचं मशीन घेतलं, गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवू लागली. आईचं दुखलंखुपलं सगळं बघायची. पण बोलायची ती माझ्यामार्फत. "कुसे, आईला म्हणावं पाणी तापलंय." आई तिथंच, हाताच्या अंतरावर. मी बापडी निरोप सांगायची. आई "बरं" म्हणायची. सहा वर्षं आमच्या दोन खोल्यांत असा कारभार चालला. ज्या बाईनं आयुष्यात कुणाचं एक ऐकून घेतलं नव्हतं, तिनं हे ऐकून घेतलं. अक्कावर तिनं पुन्हा हात उचलला नाही. माझ्यावर उचलायची, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं बरं वाटायचं.

एकदा जेवताना तिनं पन्हाळ्याकडच्या पोराची गोष्ट पुन्हा काढली. खाटेची दांडी, बोटं, ट्रक. मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, "त्याच सांजच्याला परत आला त्यो. स्ट्रेचरवरनं. डोस्कं न्हवतं." अक्का तव्यावरची भाकरी उलटत होती. तिचा हात थांबला. आईनं उरलेली भाकरी ताटात तशीच ठेवली. इतक्या वर्षांत एवढा भाग तिनं आमच्यापासून लपवला होता, की स्वतःपासून, कुणास ठाऊक.

ओट्यावरचा दवाखाना चालूच राहिला. माणसं एकमेकांना फोडायची थोडीच थांबणार होती! पण बायका येऊ लागल्या तशी आई एक नवी गोष्ट करू लागली. टाके घालून झाले की ती विचारायची, "कुठं जायाचं हाय तुला?" आणि उत्तराची वाट बघायची. वाट बघणं तिला जमत नसे. पाय हलवायची, पदर पिळायची, पण तोंड गच्च मिटून बसायची.

मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पुण्याला निघाले त्या दुपारचं तिचं चित्र माझ्याजवळ आहे. त्यानंतरही ती मला भेटली, म्हातारी झाली, गेली. पण आई म्हटलं की मला ती दुपार दिसते. माझी वळकटी बांधून झाली होती. आई मला स्टेशनावर सोडायला येणार होती. तेवढ्यात एक बाई आली, अगदी तरणी, कपाळ फुटलेलं, कडेवर कुणी नाही. आईनं मला हातानं थांबवलं. कपाळ शिवलं. गल्लीच्या तोंडाशी एक गडी विडी ओढत उभा होता, येत नव्हता आणि जातही नव्हता.

"कुठं जायाचं हाय तुला?" आईनं विचारलं.

बाई गल्लीच्या तोंडाकडं बघत राहिली. माझ्या गाडीची वेळ होत आली होती. शेवटी ती म्हणाली, "घरीच जातो, बाई. पोरं हाईत तिथं."

मी आईकडं पाहिलं. तिच्या हाताच्या मुठी वळल्या आणि सुटल्या. तिच्यापुढं आता कुणाचं मनगटही नव्हतं आणि कुणाला ट्रकात बसवायचंही नव्हतं. तिनं उठून हात धुतले, पदर खोचला आणि चपला पायात सरकवल्या.

"चल," ती त्या बाईला म्हणाली. "मी बी येतो."

गल्लीच्या तोंडाशी तो गडी दचकला. "तुमी कशाला, बाई?"

"चा प्यायला," आई म्हणाली. "आज पितो, उद्या बी येऊन पितो. साखर हाय न्हवं घरात?"

ते तिघं चालू लागले. पुढं तो, मधे कपाळाला पट्टी बांधलेली बाई, आणि मागं माझी आई, उंच, किंचित वाकलेली. मला सोडायला येणार होती हे ती विसरून गेली होती. मी वळकटी घेऊन ओट्यावर उभी राहिले. आतलं मशीन थांबलं. अक्का दारात आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि ती पाठ गल्लीतून लांब जाताना बघत राहिली. मला वाटलं, आता ती मला काही निरोप सांगणार.

"आई!" अक्कानं मोठ्यानं हाक मारली. "भाकरी झाकून ठेवतो गं! लवकर ये."

आई चालता चालता थांबली. ती वळली नाही. तिनं नुसता एक हात वर केला, आणि मग तो पदराशी नेऊन ती पुन्हा त्या दोघांच्या मागं चालू लागली.